अंमल ओसरल्यानंतर : प्रस्तावना

अमेरिकेच्या केंटकी संस्थानात, लेक्सिंग्टन शहराजवळ, तेथील मध्यवर्ती सरकारने १९३५ साली अफू आणि अफूजन्य द्रव्यांच्या आहारी गेलेल्या माणसांसाठी एक प्रचंड इस्पितळ उघडले. अर्धे तुरुंगाचे आणि अर्धे शुश्रूषागृहाचे कायदे तेथे एकाच छपराखाली नांदत होते. न्यायालयाने शिक्षा ठोठावलेले कैदी आणि आपखुशीने दाखल झालेले रुग्ण असे दोन्ही प्रकारचे लोक देशाच्या कानाकोपऱ्यातून तेथे येत, काही महिने राहत, शेतावर राबत, अंगाने भरत, आणि शरीरात मॉर्फिनचा लवलेशही उरलेला नाही अशी वैद्यांची खात्री झाली म्हणजे आपापल्या गावी परत जात. तेथील एक वैद्य अब्राहम विक्लर यांच्या नजरेस १९४० नंतरच्या दशकात एक विलक्षण गोष्ट आली. कित्येक महिने मादक द्रव्याला स्पर्शही न केलेले रुग्ण उपचारासाठी एकत्र बसले आणि बोलण्याच्या ओघात जुन्या नशेचा विषय निघाला, की त्यांना जांभयांवर जांभया येऊ लागत, डोळ्यांत पाणी तरळे, नाक वाहू लागे; द्रव्य एकाएकी तोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जी लक्षणे दिसावयाची, ज्यांना मुंबई-पुण्याकडचे व्यसनी ‘टर्की’ म्हणतात, तीच लक्षणे निव्वळ आठवणीने पुन्हा अंगावर उमटत. आणि निरोगी म्हणून सोडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक घरी पोचल्यावर पुन्हा त्याच मार्गाला लागत.

मॉर्फिन शरीरातून दोन-तीन दिवसांत निघून जाते आणि टर्कीचा भर आठवडा-दीड आठवड्यात ओसरतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. मग सहा महिन्यांनी, वर्षाने, कधीकधी पाच वर्षांनी, अन्नपाणी सुरळीत चालू असताना, नोकरी लागलेली असताना, बायकामुलांच्या डोळ्यांत विश्वास परत आलेला असताना, ज्या तलफेने माणूस एका संध्याकाळी जुन्या गल्लीकडे वळतो, ती तलफ इतका काळ कोठे वस्तीला होती? रक्तात ती नव्हती. यकृतात किंवा मूत्रपिंडातही नव्हती. ‘मनात होती’ असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही, कारण मनात जे राहते तेही मेंदूच्या कोणत्या ना कोणत्या पेशीत राहिल्यावाचून राहू शकत नाही. गेल्या तीन-चार दशकांत या प्रश्नाचे जे उत्तर हळूहळू आकारास आले आहे, ते मेंदूतील चेतापेशींच्या केंद्रकापर्यंत, तेथील जनुकांपर्यंत जाऊन पोचते. त्या उत्तराचा परिचय मराठी वाचकास करून द्यावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहीत आहे.

विस्तार करण्याचे आणखी एक कारण आहे. व्यसनाविषयी आपल्या समाजात दोन निवाडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि विज्ञानाचे कोणतेही नवे वर्तमान कानी आले की आपण ते या दोहोंपैकी एकाच्या पदरात टाकून मोकळे होतो. पहिला निवाडा असा, की व्यसनी मनुष्य इच्छाशक्तीने दुबळा आणि चारित्र्याने हलका असतो; त्याने मनावर घेतले तर आज सुटेल. दुसरा असा, की ते त्याच्या रक्तातच आहे. आजा तसा होता, चुलता तसा होता, हाही तसाच जाणार. सरकारदरबारी तर या दोन्ही निवाड्यांच्या आधी एक तिसरा व्यवहार होता, तो महसुलाचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला रवाना होत होती, तिच्यावरील जकातीने इंग्रज सरकारच्या खजिन्यात भर पडत होती, अबकारी खाते मक्ते लावीत होते आणि परवाने देत होते. आणि त्याच मुंबईत गिरणीत पाळीला जाणारी आई तान्ह्या मुलाने दिवसभर रडू नये म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ चाटवून जात होती. त्या मातेला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मला समजत नाही. पुढे स्वतंत्र हिंदुस्थानात १९८५ साली मादक द्रव्यांचा कडक कायदा झाला आणि जी वस्तू एके काळी महसुलाची बाब होती ती फौजदारीची बाब झाली. मात्र महसूल आणि फौजदारी या दोन्ही दप्तरांत त्या माणसाच्या मेंदूत काय घडत होते याची नोंद करण्यास रकाना नव्हता.

तो रकाना प्रथम उघडला तो जवळजवळ योगायोगाने. कॅनडातील माँट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी १९५४ साली असे दाखवून दिले, की उंदराच्या मेंदूतील काही विशिष्ट जागी बारीक विद्युत्तार बसवून, एक दांडी दाबली असता तेथे क्षीण विद्युत्प्रवाह जाईल अशी योजना केली, तर तो प्राणी तासात शेकडो वेळा ती दांडी दाबत राहतो. सुखाला, किंवा अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर ‘हे पुन्हा कर’ असे सांगणाऱ्या प्रेरणेला, मेंदूत ठावठिकाणा आहे हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. पुढील संशोधनाने तो मार्ग अधिक स्पष्ट झाला: मेंदूच्या तळाशी असलेल्या काही चेतापेशी डोपामाइन नावाचे द्रव्य पुढच्या बाजूच्या ‘न्यूक्लियस अक्युम्बेन्स’ या लहानशा केंद्रात सोडतात, आणि कोकेन, हेरॉइन, निकोटीन, मद्य ही रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी काडीचे नाते नसलेली द्रव्ये वेगवेगळ्या वाटांनी जाऊन शेवटी याच ठिकाणी डोपामाइनचा लोंढा आणतात. कोकेन डोपामाइनला परत पेशीत शोषले जाऊ देत नाही. अफूजन्य द्रव्ये डोपामाइनच्या पेशींवर पहारा ठेवणाऱ्या शेजारच्या पेशींनाच गप्प करतात. निकोटीन त्या पेशींना थेट चेतवते.

एवढ्याने कैफाचा उलगडा झाला, तलफेचा झाला नाही. डोपामाइनचा लोंढा काही तासांत ओसरतो. ओसरलेल्या पाण्याने पात्राचा आकारच बदलला असेल तरच त्याचा परिणाम वर्षानुवर्षे उरेल. आणि चेतापेशीचा आकार व स्वभाव बदलावयाचा तर त्या पेशीत तयार होणारी प्रथिने बदलली पाहिजेत, आणि प्रथिने बदलावयाची तर ती घडवण्याचे हुकूम ज्या जनुकांतून सुटतात त्यांचा व्यवहार बदलला पाहिजे. अशा रीतीने व्यसनाचा शोध करणारे लोक स्मृतीचा शोध करणाऱ्यांच्या वाटेवर येऊन पोचले. समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून एरिक कँडेल यांनी क्षणिक स्मृती आणि चिरस्थायी स्मृती यांतील भेद नेमका हाच असल्याचे दाखविले होते: पहिली पेशीत आधीच असलेल्या प्रथिनांत थोडाफार फेरफार करून भागते, दुसरीला जनुकांना जागे करावे लागते. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांच्यासोबत अर्विद कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड हे डोपामाइनच्या कार्याचा उलगडा करणारे दोन संशोधक होते, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने मोठी अर्थपूर्ण आहे.

जनुकांचे हे जागे होणे म्हणजे काय, ते नीट समजून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत; कागद तेच आहेत, परंतु कोणत्या रुमालाची गाठ सोडलेली आहे आणि कोणत्याची आवळलेली, यावर त्या दिवशी वाचकास काय वाचावयास मिळेल ते ठरते. मनुष्याच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा, आणि त्यावर प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके असतात. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत हे दप्तर एकच. भेद पडतो तो कोणते रुमाल उघडे आहेत यामुळे. धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांभोवती गुंडाळलेला असतो. त्या हिस्टोनांवर अॅसिटिल नावाचा रासायनिक गट चिकटला की सामान्यतः गाठ सैल होते आणि जनुक वाचले जाऊ लागते, विशिष्ट ठिकाणी मेथिल गट चिकटले की गाठ आवळते. जनुकातील अक्षर न बदलता त्याचे वाचन बदलण्याच्या या व्यवस्थेच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. वाचक पुढे जेव्हा जेव्हा ‘व्यसनाने जनुके बदलतात’ असे वाचील, तेव्हा त्याने अक्षर बदलते असा अर्थ घेऊ नये, गाठी बदलतात असा घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

१९९० साली अमेरिकेत अॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की कोकेन किंवा अॅम्फेटामाइनची एकच मात्रा दिली तरी उंदराच्या मेंदूतील अक्युम्बेन्सच्या याच प्रदेशात ‘सी-फॉस’ नावाचे जनुक तत्काळ जागे होते. त्याचे प्रथिन इतर जनुकांच्या गाठी सोडण्याचे व आवळण्याचे काम करते. पण ते अल्पायुषी असते, काही तासांत विघटित होते. यापुढचे पाऊल येल विद्यापीठातील एरिक नेस्लर यांच्या प्रयोगशाळेत पडले, आणि माझ्या मते या सर्व इतिहासातील ते सर्वांत महत्त्वाचे होय. तेथे असे आढळले, की द्रव्य दररोज देत राहिले असता सी-फॉसचा प्रतिसाद मंदावतो, परंतु त्याच कुळातील एक निराळे प्रथिन दिवसेंदिवस साचत जाते. त्याचे नाव डेल्टा-फॉसबी. फॉसबी जनुकाचा संदेश वाचताना त्यातील एक तुकडा गाळला जातो आणि त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनाचे शेवटचे १०१ अमिनो आम्लांचे शेपूट नाहीसे होते. पेशीतील सफाईची यंत्रणा ज्या खुणा पाहून जुने प्रथिन उचलून मोडीत काढते, त्या खुणा नेमक्या या शेपटात असतात. शेपूट गेले, खुणा गेल्या; मोडीत काढणाऱ्यांना हे प्रथिन सहजी ओळखू येईना; आणि म्हणून जेथे इतर सगळी तासांच्या हिशेबाने येतात-जातात तेथे हे आठवड्यांच्या हिशेबाने टिकून राहते. मात्रा थांबविल्यानंतरही महिना-दीड महिना ते केंद्रकात आढळते. १९९९ साली मॅक्स केल्झ, नेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर निर्माण केले, की ज्यांच्या अक्युम्बेन्समधील विशिष्ट चेतापेशींत हे प्रथिन कोकेनवाचूनच साचावे. आणि ते उंदीर कोकेनला इतरांहून अधिक वश झाले. ही एक चिरकाल चालू राहणारी रेण्वीय कळ आहे, असे वर्णन नेस्लर यांनी २००१ साली केले.

डेल्टा-फॉसबी साचत असताना त्याच केंद्रकात दुसरे एक प्रथिन नेमके उलट्या दिशेने ओढत असते. त्याला ‘क्रेब’ म्हणतात. ते चेतले म्हणजे डायनॉर्फिन नावाचे द्रव्य अधिक तयार होते आणि ते डोपामाइनचा स्राव दाबून धरते. परिणामी द्रव्याचा कैफ दिवसेंदिवस कमी वाटू लागतो, मात्रा वाढवावी लागते, आणि द्रव्य तोडल्यावर सगळे जगच बेचव, उदास, निरर्थक वाटू लागते. क्रेबचा हा अंमल काही दिवसांत उतरतो, डेल्टा-फॉसबीचा टिकतो. व्यसनमुक्ती केंद्रात पहिला पंधरवडा सर्वांत कठीण असतो आणि तो पार पडला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. वस्तुतः त्या पंधरवड्यात जो उतरतो तो फक्त एक पदर असतो. खाली दुसरा पदर शांतपणे बसून असतो, आणि तो दुःख देत नाही म्हणूनच त्याची कोणी दखल घेत नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच, आणि तो बुद्धिमान वाचकाच्या मनात एव्हाना आलाही असेल. डेल्टा-फॉसबी दीड-दोन महिन्यांनी नाहीसे होते, मग दोन वर्षांनी उठणाऱ्या तलफेचे काय? याचे उत्तर असे दिसते, की ते प्रथिन जाते, पण जाण्यापूर्वी त्याने बांधकाम करून ठेवलेले असते. टेरी रॉबिन्सन आणि ब्रायन कोल्ब यांनी १९९७ मध्ये अॅम्फेटामाइनच्या आणि १९९९ मध्ये कोकेनच्या बाबतीत दाखविले, की द्रव्याच्या वारंवार सेवनानंतर अक्युम्बेन्समधील चेतापेशींच्या शाखांवरील सूक्ष्म काट्यांची, म्हणजे दुसऱ्या पेशीकडून संदेश घेण्याच्या जागांची, संख्या वाढते आणि ती द्रव्य बंद झाल्यावरही बराच काळ वाढलेलीच राहते. नेस्लर यांच्या प्रयोगशाळेत इअन मेझ यांनी २०१० साली यामागची गाठ दाखवून दिली: हिस्टोनांवर मेथिल चिकटवून काही जनुकांची गाठ आवळून ठेवणारा जी-९-ए नावाचा विकर कोकेनमुळे कमी होतो, ज्या रुमालांची गाठ आवळलेली असावयास हवी ती सैल पडते, आणि काट्यांची ही अवाजवी वाढ होऊ लागते. प्रयोगात त्या विकराचे प्रमाण कृत्रिम रीतीने परत वाढविले असता वाढ थांबली आणि उंदरांचे कोकेनचे आकर्षणही उतरले.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की तलफ काळाबरोबर सरळ रेषेत उतरत नाही. जेफ्री ग्रिम, यवीन शहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोकेन बंद केलेल्या उंदरांना कोकेनशी निगडित असलेली खूण दाखविली असता त्यांची धडपड पहिल्या दिवसापेक्षा महिन्यानंतर अधिक, आणि दोन महिन्यांनंतर त्याहूनही अधिक होती. तलफ आतल्या आत उबवली जाते. ज्या घरांत ‘आता तीन महिने झाले, आता काही भीती नाही’ असे म्हणून सोबत, देखरेख आणि केंद्रातील फेऱ्या थांबविल्या जातात, त्या घरांतील मंडळींनी हा एक निष्कर्ष तरी भिंतीवर लिहून ठेवावा असे मला मनापासून वाटते.

आता वारशाविषयी. वर जे सांगितले ते उपजत जनुकांविषयी नव्हते. सेवनाने ज्यांचे वाचन बदलते अशा जनुकांविषयी होते, आणि ती सर्वांच्याच मेंदूत असतात. किंबहुना डेल्टा-फॉसबी चाकावर धावणाऱ्या उंदराच्या मेंदूतही साचते आणि साखर खाणाऱ्याच्याही. जगण्यास उपयुक्त गोष्टींची गोडी लागावी यासाठी निसर्गाने केलेल्या तरतुदीवर मादक द्रव्य कब्जा करते. पण वारशाचाही भाग आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांवरून निःसंशय ठरले आहे. एका समाजात व्यसनाधीन होण्याच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे ४० ते ६० टक्के फरक आनुवंशिक भेदांशी निगडित असतो. हा आकडा समाजाचा आहे. कोणा एका मुलाच्या कपाळी तो लिहिता येत नाही. शिवाय वारसा रक्षणही करतो. चीन, जपान, कोरिया या देशांतील पुष्कळ लोकांत मद्याच्या विघटनाची दुसरी पायरी पार पाडणाऱ्या विकराचे जनुक असे असते, की थोड्याशा मद्याने त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते; साहजिकच त्यांच्यात मद्याधीनता कमी आढळते. डेन्मार्कमध्ये १९४० नंतरच्या दशकात मद्यपींसाठी वापरात आलेले डायसल्फिरम हे औषध हीच स्थिती गोळीने निर्माण करते. उलटपक्षी निकोटीनच्या ग्राही प्रथिनातील अल्फा-५ या घटकाच्या जनुकात एक छोटासा फेर असलेल्या लोकांत तंबाखूचे व्यसन अधिक जड असते, असे २००८ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत दिसून आले. तो घटकच नसलेल्या उंदरांवरील २०११ च्या प्रयोगाने त्याचे कारण सुचविले: निकोटीनची मात्रा जास्त झाली असता मेंदूतील हॅबेन्युला या भागातून ‘आता पुरे’ असा जो नकार यावयाचा, तो त्यांच्यात उमटतच नाही. म्हणजे गोडी अधिक लागते असे नाही. किळस कमी येते.

निकोटीनचा विषय निघालाच आहे, तर एक प्रयोग विशेष नमूद केला पाहिजे. एरिक कँडेल, त्यांच्या पत्नी व समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडेल, आणि अमीर लेव्हिन यांनी २०११ साली उंदरांना आठवडाभर निकोटीन दिले आणि मग कोकेन दिले. निकोटीनने फॉसबी जनुकाच्या मुखाशी असलेल्या हिस्टोनांवरील अॅसिटिल वाढविले, गाठ सैल करून ठेवली, आणि मागून आलेल्या कोकेनचा परिणाम त्यामुळे बराच बळावला. हाच क्रम उलटा केला, आधी कोकेन आणि मग निकोटीन, तर तसे काही घडले नाही. तरुण मुले बहुधा तंबाखूपासून आरंभ करून पुढे जातात हे डेनिस कँडेल यांनी १९७० नंतरच्या दशकात समाजात पाहिले होते. त्याला पेशीकेंद्रकात आधार सापडला. ज्या महाराष्ट्रात घरातील आजी मशेरी लावते, शाळकरी मुलाच्या खिशात गुटख्याची पुडी सापडते, आणि २०१२ साली गुटखाबंदी होऊनही जेथे ती पुडी मिळण्याचे थांबले नाही, तेथील पालकांनी तंबाखूला ‘किरकोळ सवय’ म्हणणे सोडून दिले पाहिजे.

या सर्व विवेचनाने कोणाची अशी समजूत झाली असेल की आता सारे जनुकांच्या हाती, माणसाच्या व समाजाच्या हाती काही नाही, तर त्याने व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची हकिकत वाचावी. तेथे हेरॉइन स्वस्त, शुद्ध आणि हाताशी होते. १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने लघवीची तपासणी झाल्याखेरीज सैनिकास मायदेशीच्या विमानात बसू देऊ नये असा हुकूम काढला, आणि ली रॉबिन्स या विदुषीकडे परतलेल्यांच्या पाहणीचे काम सोपविले. व्हिएतनाममध्ये असताना जवळजवळ पाचांतील एक जण व्यसनाधीन झाला होता. सर्वांनाच धास्ती होती, की आता लेक्सिंग्टनचीच कहाणी हजारोंच्या संख्येने घडणार. परंतु परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांतील सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले, आणि तीन वर्षांचा हिशेब धरला तरी अल्पकाळासाठीसुद्धा पुन्हा व्यसनाधीन झालेल्यांचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास राहिले.

त्या सैनिकांच्या चेतापेशींत डेल्टा-फॉसबी साचले नव्हते असे मानण्यास काहीच आधार नाही. फरक असा होता, की मेंदूत जे कोरले जाते ते जागेसह, वासासह, सोबत्यांसह, दिवसाच्या घटकेसह कोरले जाते; उंदरांच्या प्रयोगांतही तलफ उठते ती खूण दाखविल्यावर. लेक्सिंग्टनचा रुग्ण इस्पितळात सुधारून ज्या गल्लीत परतला, ती गल्ली म्हणजेच त्याच्या मेंदूतील नोंदीची खूण होती. सैनिक त्या सर्व खुणा महासागराच्या पलीकडे सोडून आला. घरी त्याच्यासमोर दुसरी माणसे, दुसरे काम, दुसरा दिनक्रम होता. जनुकांचे विज्ञान आणि रॉबिन्स यांची पाहणी ही परस्परांची खंडने आहेत असे पुष्कळ जण समजतात. मला तर त्या एकाच वाक्याच्या दोन अर्ध्या भागांसारख्या वाटतात. परिसर ज्या वाटेने माणसाच्या आत शिरतो, ती वाट म्हणजेच या जनुकांचे वाचन.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वरील बहुतेक पुरावा उंदरांचा आहे, तोही मुख्यतः कोकेनचा. जिवंत माणसाच्या चेतापेशीचे केंद्रक उघडून पाहता येत नाही. मृत्यूनंतर मेंदू दान केलेल्या कोकेनच्या व्यसनी माणसांच्या अक्युम्बेन्समध्ये डेल्टा-फॉसबी वाढलेले आढळले आहे, हा महत्त्वाचा दुवा होय. पण असे दुवे थोडे आहेत. आणि या ज्ञानातून थेट निघालेले, जनुकांच्या गाठी पूर्ववत करणारे औषध अद्याप दवाखान्यात आलेले नाही, कारण हिस्टोनांवर काम करणारी द्रव्ये एका पेशीतील एकच गाठ निवडून धरीत नाहीत. वर्तमानपत्रांतून ‘व्यसनाचे जनुक सापडले’ असे मथळे येतात, त्यांवर वाचकाने विश्वास ठेवू नये. असे एक जनुक नाही.

जिवंत मेंदूत जे पाहता येते ते मात्र आशादायक आहे. नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने मेंदूची चित्रे घेऊन, मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनी माणसांत डोपामाइन वाहून नेणारी प्रथिने कमी झालेली असतात हे दाखविले. आणि वर्ष-सव्वा वर्ष द्रव्यापासून दूर राहिलेल्यांत ती बऱ्याच अंशी भरून आलेली दिसली. काही महिन्यांनी घेतलेल्या चित्रांत ही भर अपुरी होती. म्हणजे मेंदू सावरतो, पण त्याचे पंचांग आपल्या उतावळेपणाहून निराळे आहे.

पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले तेव्हा यांपैकी बहुतेक शोध लागावयाचे होते. गर्द या हेरॉइनच्या प्रकाराने मुंबई-पुण्याची मुले पोखरली जात असल्याचे अनिल अवचट यांनी लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्या कार्यास हात दिला, आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. दाखल काळ संपल्यावर वर्षानुवर्षे पाठपुरावा ठेवणे, कुटुंबाला उपचारात ओढणे, जुन्या सोबत्यांची वाट तोडून नवी सोबत जोडून देणे, आणि घसरलेल्याला दार बंद न करणे, ही जी पद्धत तेथे अनुभवाच्या बळावर रुजली, तिचे समर्थन आता चेतापेशीच्या केंद्रकातून करता येते. प्रत्यक्ष माणसांत वावरणाऱ्यांना ते आधी उमगले होते, याचे मला मोठे अप्रूप आहे.

कायदाही थोडी वाट चालला आहे. १९८५ च्या कायद्यातच पुढे अशी तरतूद आली, की आपण होऊन उपचारास येणाऱ्या व्यसनी माणसास काही मर्यादेत खटल्यापासून अभय मिळावे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक स्थिती ही मानसिक आजाराच्या व्याख्येत घातली व विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच वागवावे असे बजावले. अमेरिकेतील थॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखविले होते, की उपचारानंतर व्यसन उलटण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के असते आणि रक्तदाब वा दमा उलटण्याच्या प्रमाणाहून ते जास्त नाही. दम्याचा रोगी पुन्हा धाप लागून आला तर कोणताही वैद्य त्याला ‘तुम्हांला एकदा बरे केले होते’ असे सुनावून परत पाठवीत नाही. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दीर्घकाळ चालू ठेवावे लागले तर ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असे नातेवाईक म्हणतात, आणि काही ठिकाणी डॉक्टरही तसेच म्हणून औषध लवकर तोडतात. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी १९६५ साली मेथाडोनचा उपचार मांडला तेव्हा त्यांचे म्हणणेच असे होते, की अफूजन्य द्रव्यांनी शरीरात घडविलेला बदल दीर्घकाळचा आहे आणि औषधही तितकेच दीर्घकाळ लागेल. त्यांच्याजवळ तेव्हा जनुकांचा पुरावा नव्हता. आज तो आहे, तेव्हा औषध किती दिवस द्यावयाचे, पाठपुरावा किती वर्षे ठेवावयाचा आणि तिसऱ्यांदा घसरून आलेल्या रुग्णाचा केसपेपर कोणत्या शब्दांत लिहावयाचा, हे ठरविताना तो जमेस धरणे प्रत्येक दवाखान्यास बंधनकारक असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.